भिंतीपलीकडची रोपं

तेराकसोय, २४ एप्रिल १९९८

भावा एलमुराद,

आई सलाम सांगते, गाय व्यायली आहे, आणि उल्मास उद्या बस घेऊन निघतोय म्हणून घाईत लिहिते. तो म्हणाला, तू वीटभट्टी सोडलीस आणि आता व्होल्गाच्या काठी कुणाच्या तरी शेतावर आहेस. सहा महिन्यांतलं हे तिसरं ठिकाण. तुझ्या बुडाखाली निखारे आहेत की काय?

शेतावर आहेस म्हणूनच विचारते. माझे टोमॅटो मरतायत.

नवरोजच्या आधी खिडकीत डब्यांमधून रोपं केली होती. चांगली जोमदार, जाड दांड्याची. पाच तारखेला परसात लावली, एकशे ऐंशी. तू अक्रोड पाडलास त्याच जागेत, तिथे आता दिवसभर ऊन असतं. वरून प्लास्टिक ताणलं. आठ दिवस बरी होती. मग पानं पिवळी पडायला लागली आणि वाढ जागच्या जागी थांबली. वीतभर होती, वीतभरच आहेत. सकाळी उठून बघते तर आणखी दोन-चार माना टाकलेली.

चहाखान्यात म्हाताऱ्यांनी काय ठरवलं ते तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण मला उठता-बसता तेच ऐकू येतं. "बाई नवऱ्याचं घर सोडून आली. पानगळीपर्यंत मुदत. स्वतःच्या अंगणातल्या पिकावर आईचं आणि स्वतःचं पोट भरून दाखवलं तर राहील. नाही तर कामिलच्या घरी परत." कामिलने माझे दोन दात पाडले, ते त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नाही. हे टोमॅटो गेले तर मी त्या घरात चालत जाईन, भावा, पण बाहेर आडवीच येईन.

शेजारचे साबीर अमाकी, ज्यांना तू आता काका म्हणत नाहीस, ते भिंतीवरून बघत होते. तू सांगून गेलास तसं मी तोंड फिरवलं. ते खाकरून म्हणाले, "तिथे आता काही जगणार नाही, पोरी. भावाला कळव." कळवते आहे.

सनोबर


व्होल्गाकाठ, ४ मे

सनोबर ओपा, थोरल्या ताई,

सलाम तुला आणि आईला. मी सहावीतून पळालो, त्यामुळे चुका काढ पण हसू नको.

"भावाला कळव" म्हणाला ना? कळलं मला. नीट कळलं. त्या म्हाताऱ्याची थप्पड अजून माझ्या कानात वाजते. अक्रोड कुणाचा? आपला. आजोबांनी लावलेला. पण भिंतीपलीकडे पडेल ते पलीकडच्याचं, हा गावचा रिवाज, म्हणून निम्मी फळं दरवर्षी हा फुकट वेचणार. मी गेल्या शरदात भिंत ओलांडून दोन गोण्या भरल्या, तर याने अख्ख्या चहाखान्यासमोर माझं थोबाड फोडलं. म्हणून मी झाडच पाडलं. म्हटलं, घे, आता पडू देत फळं तुझ्या अंगणात. कुऱ्हाड चालवत होतो तेव्हा हा भिंतीशी उभा राहून रडत होता. शंभर झाडांना कलमं बांधणारा माणूस, आणि रडला बाईसारखा. मला बरं वाटलं.

आता तो सूड घेतोय. घासलेट ओतलं असेल नाही तर मीठ. जागेत काही खोट नाही, ओपा. अक्रोडाखाली कधी गवतसुद्धा उगवलं नाही ते त्या गार सावलीमुळे, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. सावली गेली. सगळ्या गावात उन्हाची एवढी मोकळी जागा आज तुझ्याकडेच आहे, आणि ती माझ्या कुऱ्हाडीने दिलेली आहे.

इथे एक कोरियन म्हातारी आहे, पाक आजी. ताश्कंदकडची. शेतातला शेवटचा शब्द तिचा. हातात सदा कुदळीचा दांडा, माती उकरायला एकदा आणि आम्हाला हाणायला चारदा. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं.

"वरची पानं पिवळी की खालची?"

"माहीत नाही."

खांद्यावर दांडा. "शिरा हिरव्या राहिल्यात का?"

"माहीत नाही, आजी."

पुन्हा दांडा. "पाणी दिलं की माना उचलतात का?"

मी तोंड उघडायच्या आत तिसरा बसला. म्हणाली, "न बघता रोग विचारतोस? तुझ्या बहिणीला डोळे आहेत ना? तिला बघायला सांग."

तर बघ. खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर रोप उपाशी आहे, शेण पाण्यात कालवून घाल. वरची कोवळी पडत असतील आणि शिरा हिरव्या असतील तर जमिनीत लोहाचं काहीतरी, ते ती पुढे सांगेल. जिभेवर माती ठेव, खारट लागते का सांग. नाकाला लाव, घासलेट येतं का सांग. आणि एक पान वहीत दाबून पाठव.

इथलं काय लिहू. पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला आहे. परवा लतीफ नावाच्या आमच्याच बाजूच्या माणसाने पगार मागितला. दर शनिवारी काळ्या गाडीतून मालकाचे चार जण येतात, त्यांनी त्याचा हात ट्रॅक्टरच्या पायरीवर ठेवला आणि वरून दार आपटलं. बायकोला शिव्या दिल्यावर उठून मारायला धावणारा लतीफ, आता तोंडातून ब्र काढत नाही. हात मोडला की माणूस गप्प होतो, एवढं मी व्होल्गाकाठी शिकलो.

तुझा एलमुराद


तेराकसोय, १३ मे

एलमुराद,

पाक आजीला माझा सलाम सांग, आणि सांग की आणखी दोन दांडे माझ्याकडूनही हाण.

माती चाखली. आई म्हणाली, पोरगी खुळी झाली. खारट नाही. घासलेटाचा वास नाही. आपल्या मातीसारखीच माती आहे, जरा कडवट, पण ती तिथे पहिल्यापासूनच.

पिवळेपणा खालून सुरू झाला आणि वर चढला. शिरा हिरव्या राहत नाहीत. शेणकाला घातला तर दोन दिवस वाटलं, सुधारली. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळी झोपली. मुळाशी चिखल आहे, एलमुराद, हात घातला तर पाणी लागतं, आणि वर रोप तहानेने मेल्यासारखं. पाण्यात उभं राहून तहानेने मरणारं मी अजून काही पाहिलं नव्हतं. पान सोबत आहे.

दुसरं लिहू की नको असं झालं होतं. मंगळवारी कामिल आला. तोंडाला वोडकाचा वास, मागे त्याचा धाकटा भाऊ. "बघू तुझी बाग," म्हणाला. रांगेतून चालत गेला, एकेका रोपावर टाच ठेवून, अकरा मोजली मी. मोजत होतो दोघंही, तो मोठ्याने. मी पुढे झाले तर केस धरून मातीत तोंड दाबलं. "चव बघ. हेच खाणार आहेस ना हिवाळाभर?" आई काठी घेऊन धावली, तिला धाकट्याने ढकललं. तिचा गुडघा आणखी सुजला आहे.

मग गल्लीतल्या कुणीतरी येऊन त्याला हाकललं. सुरी दाखवून. जास्त काही झालं नाही, तू डोकं तापवू नको.

एकशे साठच्या आसपास उरली आहेत. निम्मी नावाला.

सनोबर


व्होल्गाकाठ, १९ मे

ओपा,

डोकं तापवू नको म्हणतेस. मातीत तोंड दाबलं तुझं, आणि मी इथे दुसऱ्याच्या काकड्यांना पाणी पाजतोय.

कामिल सहा महिने आला नाही. आत्ताच कसा आला? त्याला कुणी सांगितलं की बाग मरतेय, आता जा? भिंतीवरून रोज कोण बघतं? मला शाळा नसेल पण एवढा हिशोब येतो. रोपं मारणारा तोच आणि कामिलला बोलावणाराही तोच. त्याला आपलं सगळं घरच उठवायचं आहे. सुरी घेऊन आला तो तंदूरवाला मुराद असणार, त्याला माझे आभार सांग.

तुझं पान पाक आजीने उन्हात धरलं, चोळलं, वास घेतला, चावलं. म्हणाली, "भूक नाही. मीठ नाही. पानाचा रोगही नाही, त्याला ठिपके असतात. पाणी पिऊन तहानेने मरतंय म्हणजे नळी बंद आहे." मी म्हटलं, विष असेल. म्हणाली, "असेल. पण विष कुठून, ते झाड सांगतं, तू नाही." तिला दोन गोष्टी हव्यात. एक रोप उपटून दांडा उभा चीर आणि आत कोणता रंग आहे ते लिही. आणि वाफ्याचं चित्र काढ, मेलेली कुठे, जगलेली कुठे. म्हणाली, "मेलेली कुठे उभी होती ते कळलं की मारणारा कुठे उभा होता ते कळतं."

मला चित्राची गरज नाही. कुठे उभा होता ते मला माहीत आहे.

शनिवारी काळी गाडी पुन्हा आली. माझ्याकडे वळले तेव्हा माझ्या हातात फावडं होतं. एकाच्या गुडघ्यावर घातलं, हाड वाजलं ते मी ऐकलं. मग माझ्या तीन बरगड्या गेल्या. शिंकलो की डोळ्यांपुढे पांढरं होतं. पण बघ, हात शाबूत आहे, लिहितोय.

हे पत्र उल्मास आणतोय. त्याला मी एक काम सांगितलं आहे. तू त्याला काही विचारू नको, चहा पाज आणि जाऊ दे. यापुढे भिंतीवरून तुझ्याकडे कुणी बघणार नाही.

एलमुराद


तेराकसोय, २७ मे, बुधवार

भावा,

उल्मास काल पत्र देऊन गेला. चहा अर्धाच प्यायला, वर मान करून बघितलं नाही. हे पत्र मी हमीद ड्रायव्हरकडे देते, त्याची बस उद्या निघते.

आधी चित्र. वेगळ्या कागदावर आहे. गोल केलेली जिवंत, फुली मारलेली मेलेली. बघितलंस? मलाही काढून झाल्यावरच दिसलं. मधोमध सगळ्या फुल्या, चाकासारख्या. ओढ्याच्या कडेची शेवटची रांग बरीच हिरवी. आणि मी बारा रोपं खिडकीतल्या डब्यांतच ठेवली होती, ओढ्याच्या गाळात. बी तेच, पाणी तेच. ती माझ्या कमरेला लागतात आणि फुलावर आली आहेत.

दांडा चिरला. आत तपकिरी रेघा. कोणता तपकिरी ते तुला वेगळं सांगायला नको. अक्रोडाची हिरवी साल सोलल्यावर महिनाभर हाताचा जात नाही, तो.

आता जे लपवलं ते लिहिते. दांडा मी चिरला नाही, साबीर अमाकींनी चिरला, कलमाच्या सुरीने. त्या दिवशी कामिलला हाकलणारे तेच. बासष्ट वर्षांचा माणूस भिंतीवरून उडी मारून आला आणि तीच सुरी त्याच्या गळ्याला लावून म्हणाला, "ही बारा वर्षांच्या फांदीतून लोण्यासारखी जाते. तुझी मान केवढी आहे?" कामिल उलटा चालत फाटकाबाहेर गेला. मी तुला नाव लिहिलं नाही, कारण तुला ते नाव ऐकू येत नाही, नुसतं कानात वाजतं.

अमाकी म्हणाले, सावली नव्हे, पोरी. सगळे सावलीच म्हणतात, कारण झाड उभं असताना दुसरं काही दिसतच नाही. विष मुळांत असतं. उभं झाड ते जपून सोडतं, मेलेलं झाड कुजताना सगळं सोडून देतं. "मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं, तिथे काही जगणार नाही. तू तोंड फिरवलंस." मी म्हटलं, मग नीट समजावून का नाही सांगितलं? तर म्हणाले, "तुझ्या भावाने ते झाड पाडलं तेव्हापासून त्या जागेकडे बघून मला बोलवत नाही. तुझ्या आजोबांबरोबर मी त्याचं कलम बांधलं होतं, चौदा वर्षांचा असताना."

शुक्रवारी नमाजानंतर ते आपल्याकडे येणार आहेत, मुळं खणायला. उरलेली रोपं त्यांच्या ओढ्याकडच्या पट्टीत हलवायची, तिथली माती स्वच्छ आहे. वेळ अजून गेलेली नाही, म्हणाले. पानगळीपर्यंत फळ येईल.

उल्मासने विचारलं, साबीर घरी कधी असतो. मी सांगितलं, शुक्रवारी दुपारी आमच्याच परसात असतील. मला वाटलं, तुझं मन वळलं आणि तू त्यांना काही पाठवलंस. पाठवलं असशील तर मोठं काम केलंस, भावा. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला झोप लागली.

सनोबर


व्होल्गाकाठ, २ जून, मंगळवार

ओपा

आज पत्र मिळालं. आज मंगळवार. शुक्रवार होऊन गेला.

चित्र पाक आजीपुढे ठेवलं. पत्र मी अजून उघडून वाचलं नव्हतं, आधी चित्रच पडलं बाहेर. तिने चाकाच्या मधोमध बोट ठेवलं. "इथे काय होतं?"

मी म्हटलं, काही नाही. मोकळी जागा.

"मोकळी होण्याआधी?"

अक्रोड, म्हटलं.

"कुणी पाडला?"

मी सांगितलं. तिने दांडा उचलला, पण मारला नाही. खाली ठेवला. तिने न मारता दांडा खाली ठेवलेला मी पहिल्यांदा बघितला. मग तुझं पत्र वाचलं.

मी उल्मासला सांगितलं होतं, उजवा हात. फक्त उजवा. जीव घेऊ नको म्हटलं होतं. तू त्याला वेळ सांगितलीस आणि जागा मी दिली, आपल्याच परसातली, त्याच झाडाची.

तार केली आहे. तारघरातली बाई म्हणाली, तुमच्या डोंगरात पोचायला चार दिवस. काचेवर मूठ मारली, काच फुटली, पोलिसाने कानाखाली दिल्या, मी मोजल्या नाहीत. बस भरली नसेल, उशीर झाला असेल, उल्मासचा टायर फुटला असेल. ओपा, असं काही झालं असेल तर लगेच लिही. काही झालं नाही एवढंच लिही.

एलमुराद


तेराकसोय, ८ जून

एलमुराद,

टायर फुटला नाही.

अमाकी गुडघाभर खड्ड्यात होते, पाठ फाटकाकडे. मांडीएवढं मूळ होतं, त्यावर कुऱ्हाड चालवत होते. मी बादलीत रोपं भरत होते. उल्मास आणि आणखी एक, तो माझ्या ओळखीचा नाही. लोखंडी कांब घेऊन आत आले. उल्मास म्हणाला, "एलमुरादचा सलाम." अमाकी वळले, हसले. मी सांगून ठेवलं होतं ना त्यांना, की तू काहीतरी पाठवलं असशील. हसत हात पुढे केला, मिळवायला. तोच हात त्या दुसऱ्याने धरून मुळावर दाबला आणि उल्मासने कांब घातली. दोनदा. पहिल्या घावाला मनगट गेलं, दुसऱ्याला बोटं. ओल्या फांदीचा आवाज होतो ना, तसा. अमाकी ओरडले नाहीत. मी ओरडले. फावडं हातात होतं, ते उल्मासच्या कानावर बसलं, अर्धा कान लोंबायला लागला. तुला भेटेल तेव्हा बघ, तो घाव माझा.

ते पळाल्यावर अमाकी खड्ड्याच्या कडेला बसले, तोंड राखेसारखं. पहिली गोष्ट काय बोलले माहीत आहे? "ऊन कडक आहे. रोपं हलव." फळीला हात बांधून घेतला आणि बसल्या बसल्या सांगत राहिले, इथे खोल, तिथे उथळ, मुळं धुऊन घे. एकसष्ट रोपं मी भिंतीपलीकडे नेली, रडत नेली, आणि ते म्हणत होते, "डोळ्यांतलं पाणी खारट असतं, मुळाशी पाडू नको."

हात जुळला नाही. बोटं मिटत नाहीत. सुरी धरता येणार नाही.

गुरुवारी चहाखान्यात म्हातारे बसले. हाताचं काय झालं विचारलं. अमाकी म्हणाले, मूळ तुटलं, तोल गेला, हात खाली आला. माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली. खरं सांगितलं असतं तर ज्या घराने मारेकरी धाडले त्या घराला कुणी एक दिवसही दिला नसता, आणि मी आज कामिलच्या ओसरीवर असते. म्हणून ते खोटं बोलले. ज्याने हात मोडला त्याच्या बहिणीसाठी.

कामिल उठला. "रोपं कुठे आहेत? साबीरच्या अंगणात. भिंतीपलीकडचं ते पलीकडच्याचं. हिच्या अंगणात नुसता खड्डा आहे. खड्डा खाणार का?" म्हातारे माना डोलवायला लागले. रिवाज तर रिवाज. मी अमाकींकडे बघितलं, तर तेही मान डोलवत होते! "बरोबर आहे," म्हणाले. "भिंतीपलीकडचं पलीकडच्याचं. सोमवारी या आणि डोळ्यांनी बघून जा."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी भिंतीला लाथ घातली. खरंच. आपली ती मातीची जुनी भिंत. डाव्या हाताने कुदळ मारत होते, चुकत होते, शिव्या देत होते, आणि मला म्हणत होते, "बघत काय बसलीस? पाड!" दीड दिवस पाडली, दीड दिवस बांधली. आज म्हातारे आले. भिंत रोपांच्या पलीकडून जाते. एकजण दाढी खाजवून म्हणाला, "साबीर, ही भिंत परवापर्यंत तिकडे होती."

"भिंत माझी, घाम माझा. वाटेल तिथे उभी करीन. रोपं जागची हलवली का? नाही ना?"

कामिल थुंकून गेला. म्हातारे चहा पिऊन गेले. मी इथेच राहते, एलमुराद. रोपांना नवी पानं फुटली आहेत, हिरवी.

अमाकी तुला एक निरोप देतात. कलमाचे दिवस यायच्या आत ये, गावात चाळीस खुंट तयार आहेत आणि बांधणारं कुणी नाही. ते सांगतील, तू कापायचं. आणि म्हणाले, एक थप्पड बाकी आहे, तीही देईन, डाव्या हाताने.

हा त्यांचा निरोप. माझा वेगळा आहे. त्यांनी माफ केलं असेल. मी नाही केलं. खड्डा मी बुजवलेला नाही. निम्मी मुळं अजून आत आहेत. शेवटचं मूळ बाहेर निघेपर्यंत माझ्या दस्तरखानावर बसायचं नाही आणि माझ्या हातची भाकर मागायची नाही.

सनोबर


व्होल्गाकाठ, १६ जून

साबीर अमाकी,

हे पत्र ओपा तुम्हाला वाचून दाखवेल. तिला माझा राग आहे, तरी वाचेल, कारण तुम्ही सांगाल.

सलाम लिहिणार होतो. मागचा सलाम तुम्हाला कसा पोचला ते आठवलं आणि खोडला.

उल्मास परत आला होता, कानाला चिंधी बांधून. खुशीत होता. "काम झालं, भावा. दोन घावांत." शाबासकी हवी होती त्याला. मी त्याला बसच्या चाकाशी घातलं आणि मारलं, नाकातोंडातून रक्त येईपर्यंत, माझ्या बरगड्या पुन्हा निखळेपर्यंत. तो खालून एवढंच म्हणत होता, "तूच सांगितलंस, तूच सांगितलंस." मग माझा हात थांबला. कांब त्याची होती, हात माझाच होता.

त्यानंतर मी ट्रॅक्टरपाशी गेलो. लतीफचा हात ठेवला होता त्याच पायरीवर उजवा ठेवला आणि डाव्यात हातोडा घेतला. बरोबरी होईल असं वाटलं. पाक आजी मागे उभी होती. तिने विचारलं, "त्या म्हाताऱ्याला किती हात उरले?"

एक, म्हटलं.

"तुझाही मोडलास की दोघांत मिळून किती?"

मला शाळा नाही, अमाकी, पण एवढं मोजता आलं. हातोडा ठेवला. मग तिने दांडा उचलला आणि या वेळी मात्र मारला.

पासपोर्ट काढायला आठवडा लागेल. मालक देणार नाही, पण आजी म्हणते, तिचं ऐकेल. तोवर रोज विलोच्या काड्या कापून बघतो. एकवीस कलमं बांधली, सतरा सुकली. चार अजून हिरवी आहेत. सालीला साल कशी भिडवायची ते अजून जमत नाही, सुरी घाई करते. तुम्ही म्हणाल, सुरी नाही, तू घाई करतोस. माहीत आहे.

आधी खड्डा उकरीन. एक मूळसुद्धा ठेवणार नाही, केसासारखं असलं तरी. मग तुमच्या फाटकात येईन. थप्पड तिथेच द्या, चहाखान्यासमोर द्यायची असेल तर तिथे येईन. मागच्या वेळी मी हिसडा देऊन पळालो होतो. या वेळी उभा राहीन.

हात शाबूत आणतोय. आता तो तुमचा. कुठे कापायचं ते तुम्ही सांगा.

एलमुराद